ट्रॅव्हल ट्रेलर घेऊन न्यूयॉर्क राज्यातील स्टेट पार्कांत नऊ दिवस: नियोजनाबाबत सल्ला हवा

पाचपाखाडीकर (ठाणे पश्चिम)

नमस्कार. मी भूगोलाचा निवृत्त शिक्षक असून येत्या सप्टेंबरअखेरीस पत्नीसह मुलाकडे न्यू जर्सीला जाणार आहे. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात, म्हणजे पानांचे रंग बदलत असताना, ट्रॅव्हल ट्रेलर (राहण्या-झोपण्याची सोय असलेले चाकांवरचे छोटे घर) भाड्याने घेऊन मुलाच्या गाडीमागे जोडायचा आणि राज्य सरकारच्या उद्यानांत मुक्काम करत फिरायचे, असा बेत आहे. आम्ही चार मोठी माणसे आणि सात वर्षांचा नातू असे पाच जण असू.

मुलाने काढलेला मार्ग असा आहे: पेनसिल्व्हेनियातील रिकेट्स ग्लेन, मग न्यूयॉर्क राज्यातील वॉटकिन्स ग्लेन, लेचवर्थ, नायगारा आणि अॅलेगनी. नऊ दिवसांत पाच उद्याने. त्याच्या गाडीची ओढण्याची क्षमता ५,००० पौंड आहे आणि ज्या ट्रेलरवर त्याची नजर आहे त्याचे वजन ४,४०० पौंड लिहिलेले आहे, त्यामुळे त्या बाबतीत तो निर्धास्त आहे. मला मात्र तीन शंका आहेत. हा वेग झेपेल का? वजनाचा हिशेब खरोखर इतका सरळ असतो का? आणि पत्नीच्या गुडघ्यांना त्रास असताना ट्रेलरमधील स्वयंपाक, शौचालय आणि तिथल्या पायवाटा तिला जमतील का?

हा खटाटोप कशासाठी, तेही सांगतो. वीस वर्षे मी रविवारी पहाटे येऊरला चालायला जातो. तिथले साग, पळस, पावसाळ्यातले ओढे ओळखीचे झाले आहेत. पण ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे जंगल असल्याने संध्याकाळ झाली की बाहेर पडावे लागते, आणि ते योग्यच आहे. अंधार पडल्यावर झाडांमध्ये बसून राहण्याचा, रात्री दार उघडले की समोर जंगलच असण्याचा अनुभव मात्र आयुष्यात राहून गेला आहे. तो नियमात राहून मिळत असेल, तर मला तो घ्यायचा आहे.

पारसिकची पायवाट (सीबीडी बेलापूर)

सर, नमस्कार. मी यांत्रिकी अभियंता आहे आणि मुलीच्या कुटुंबासोबत दोन वेळा ट्रेलरने फिरलो आहे. आपल्या दुसऱ्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण बाकीचे उत्तर तिच्यावर अवलंबून आहे.

४,४०० पौंड हे बहुधा रिकाम्या ट्रेलरचे वजन असावे, म्हणजे सुमारे १,९९५ किलो. त्यात ४० गॅलन, म्हणजे साधारण १५० लिटर पाणी भरले की १५० किलो वाढतात. प्रोपेनच्या (शेगडीच्या गॅसच्या) दोन टाक्या, बॅटरी, भांडी, अंथरुणे, किराणा आणि पाच जणांचे सामान मोजले, तर आकडा सहज २,३०० किलोच्या वर जातो. ५,००० पौंड म्हणजे २,२६८ किलो. कागदावर बसणारा ट्रेलर प्रत्यक्षात मर्यादेबाहेर गेला.

याहून महत्त्वाची आणि हमखास विसरली जाणारी गोष्ट म्हणजे जोडणीच्या जागी गाडीवर येणारा भार. ट्रेलरच्या एकूण वजनाचा १० ते १५ टक्के भाग गाडीच्या मागच्या टोकावर यावा लागतो. तो कमी असेल, तर महामार्गावर ट्रेलर डावी-उजवीकडे झोले घेऊ लागतो, आणि एकदा ती लय धरली की नवख्या चालकाला ती आवरत नाही. आपल्या बाबतीत १२ टक्के धरले तरी पावणेतीनशे किलो होतात. गाडीतील चार मोठी माणसे आणि मूल मिळून तीनशे किलो. बॅगा धरण्यापूर्वीच पावणेसहाशे किलो झाले. चालकाच्या दाराच्या चौकटीवर एक पट्टी चिकटवलेली असते. माणसे आणि सामान मिळून गाडीत किती भार चालेल, याचा आकडा तिच्यावर छापलेला असतो. चिरंजीवांना आजच तो वाचायला सांगा. ओढण्याच्या क्षमतेच्या जाहिरातीपेक्षा त्या पट्टीवर माझा जास्त विश्वास आहे.

आणखी एक. चालत्या ट्रेलरमध्ये बसून प्रवास करण्यास अनेक राज्यांत मनाई आहे, न्यूयॉर्कमध्येही आहे. त्यामुळे ‘वहिनी मागे पाय लांब करून झोपतील’ असा विचार असेल, तर तो सोडून द्यावा. न्यूयॉर्कमधील ‘पार्कवे’ नावाच्या रस्त्यांवर ट्रेलर चालत नाहीत, कारण त्यांवरचे पूल बुटके आहेत. साधा नकाशा मात्र बिनदिक्कत त्याच रस्त्यावर नेतो. न्यूयॉर्क शहराजवळच्या काही बोगद्यांत प्रोपेन नेण्यावरही बंधने आहेत. ट्रेलरसोबत जायच्या रस्त्यांचा अभ्यास आधी, निघण्यापूर्वी करायचा असतो.

म्हणून माझा स्पष्ट सल्ला असा आहे, की आपण ट्रेलर ओढूच नये. भाड्याने देणारे बरेच मालक स्वतःच्या वाहनाने ट्रेलर आणून उद्यानातील ठरलेल्या जागेवर उभा करतात, समतल करतात, वीज जोडून देतात आणि शेवटी घेऊन जातात. त्याचे वेगळे पैसे पडतात, पण आपली गाडी मोकळी राहते. अर्थात असे केल्यावर पाच उद्याने होत नाहीत. एक होते, फार तर दोन. मला वाटते, यात आपले काहीच नुकसान नाही.

पहिल्या सहलीत आम्ही आठ दिवसांत चार ठिकाणे केली होती. दर दुसऱ्या दिवशी सकाळी नळी काढा, टाक्या रिकाम्या करा, आतले प्रत्येक कपाट अडकवा, जोडणी करा, दिवे तपासा, यात दोन तास जात. संध्याकाळी पोहोचलो की मावळत्या उजेडात तो ट्रेलर मागे घेत झाडांमधल्या अरुंद जागेत बसवायचा. जंगल आम्ही बघितले ते गाडीच्या आरशातून. दुसऱ्या सहलीत एकाच जागी सहा रात्री राहिलो. तिसऱ्या दिवसापासून खार कोणत्या वेळी कोणत्या फांदीवरून उतरते हे कळू लागले. आपल्याला रात्रीचे जंगल हवे आहे, आणि ते पोहोचल्याच्या पहिल्या रात्री दिसत नाही.

वॉटकिन्स ग्लेनलाच तळ ठोकावा असे मी सुचवेन. सेनेका तलावाच्या दक्षिण टोकाला हे उद्यान आहे. दोन मैलांहून कमी अंतरात ओढा ४०० फूट खाली येतो आणि वाटेत १९ धबधबे लागतात. आपण भूगोलाचे शिक्षक असल्याने हे अधिक आवडेल: हिमयुगातील हिमनदीने मुख्य दरी खोल कोरली, बाजूचे ओढे उंचावर लोंबकळत राहिले आणि बर्फ वितळल्यानंतरच्या सुमारे १२,००० वर्षांत त्यांनी शेल (चिखल घट्ट होऊन बनलेला खडक) आणि वालुकाश्माचे थर कापत ही घळ तयार केली. आपल्या सह्याद्रीचा बेसाल्ट ठोकळ्यांनी तुटतो, तिथला शेल पुस्तकाच्या पानांसारखा पापुद्र्यांनी सुटतो. भिंतीला हात लावून पाहिल्याशिवाय तो फरक कळत नाही.

तिथून टॉगॅनॉक धबधबा गाडीने तासाभराच्या आत येतो. त्याची उंची २१५ फूट आहे, नायगाऱ्यापेक्षा जास्त, आणि पायथ्यापर्यंतची पाऊण मैलाची वाट जवळजवळ सपाट आहे. वहिनींसाठी हीच वाट योग्य. लेचवर्थ साधारण दीड तासावर आहे. तिथे जेनेसी नदीची घळ काही ठिकाणी ६०० फुटांपर्यंत खोल आहे आणि मुख्य धबधब्यांजवळ गाडी उभी करता येते. विल्यम प्रायर लेचवर्थ या उद्योजकाने आपली सुमारे हजार एकर जमीन १९०६ मध्ये राज्याला दिली, म्हणून ती घळ आज शाबूत आहे.

रिकेट्स ग्लेन वगळावे. २२ नावाजलेले धबधबे आहेत, त्यातला गॅनोगा ९४ फुटांचा, पण ती वाट दगडांची, ओली आणि तीव्र उताराची आहे.

अबोली (घोडबंदर रोड, ठाणे)

काका, स्वयंपाक आणि शौचालयाबद्दल मी लिहिते, कारण या विषयावर पुरुष मंडळी दोन ओळींत उरकतात आणि त्रास मात्र घरातल्या बायकांना होतो.

ट्रेलरमध्ये दोन किंवा तीन बर्नरची गॅस शेगडी असते, त्यामुळे कुकर लावणे अवघड नाही. फोडणी मात्र आत देऊ नका. इतक्या लहान जागेत मोहरी-मिरचीचा धूर झाला की छतावरचा धूरसूचक वाजू लागतो, आणि मसाल्याचा वास पडद्यांत बसला तर अनामत रकमेतून सफाईचे पैसे कापले जाऊ शकतात. आम्ही बाहेरच्या लाकडी मेजावर छोटी शेगडी ठेवून फोडण्या दिल्या. स्वयंपाक झाल्यावर एक तेलकट चमचासुद्धा बाहेर राहू देऊ नका, कारण त्या भागात काळी अस्वले आहेत. खाणे, कचरा, टूथपेस्ट, सगळे रात्री ट्रेलरच्या किंवा गाडीच्या आत हवे.

विजेची जोडणी बहुधा ३० अँपिअरची मिळते, म्हणजे १२० व्होल्टवर ३,६०० वॅट. ऑक्टोबरात रात्री थंडी चांगलीच असते, म्हणून कोणी खोलीचा विजेचा हीटर लावतो, तेवढ्यात कोणी चहाची किटली लावतो आणि तिसरा मायक्रोवेव्ह. लगेच वीज जाते. इथली किटली तिकडे नेऊ नका. ती २३० व्होल्टची असल्याने तिकडे पाणी फारच सावकाश तापते.

आता शौचालय. ट्रेलरमध्ये तीन टाक्या असतात: स्वच्छ पाण्याची, अंघोळ-भांड्यांच्या सांडपाण्याची आणि मैल्याची. पुष्कळशा स्टेट पार्कांत जागेवर फक्त वीज मिळते. सांडपाणी सोडायची सोय सामाईक असते, तिला डम्प स्टेशन म्हणतात. ट्रेलर एकाच जागी सहा-सात दिवस उभा राहणार असेल, तर पाच जणांच्या वापराने टाकी भरेल. म्हणून अंघोळी उद्यानाच्या स्नानगृहात कराव्यात. तिथे गरम पाणी असते. दिवसाचे शौचही तिकडेच, आणि ट्रेलरमधले काकूंसाठी रात्रीपुरते राखून ठेवा. आपण पाणी वापरतो ही सवय टाकीच्या दृष्टीने वाईट नाही, कारण मैला पातळ राहतो, पण टाकी लवकर भरते. मालकाला आधीच विचारा, की मध्ये एकदा टाकी उपसायची व्यवस्था तो करेल का.

ट्रेलरच्या पायऱ्या उंच आणि अरुंद असतात. भाड्याने घेण्यापूर्वी दाराजवळच्या मुठीचे छायाचित्र मागवा. माझ्या सासूबाईंना त्या मुठीमुळेच चढता आले.

कर्नाळ्याचा रविवार (पनवेल)

थोडक्यात दोन गोष्टी. शेकोटीसाठी लाकूड न्यू जर्सीहून नेऊ नका. न्यूयॉर्कमध्ये बाहेरच्या राज्यातले प्रक्रिया न केलेले जळाऊ लाकूड आणण्यास बंदी आहे आणि राज्यातल्या राज्यातही ते ५० मैलांपलीकडे नेता येत नाही. लाकडातून एमराल्ड अॅश बोरर नावाचा भुंगेरा पसरतो. २००२ मध्ये मिशिगनमध्ये सापडलेल्या या किड्याने अॅश नावाच्या वृक्षाची कोट्यवधी झाडे मारली आहेत. लाकूड उद्यानातच विकत घ्यावे.

दुसरी गोष्ट गोचिडींची. पाने गळू लागली तरी काळ्या पायांच्या गोचिडी चावतात, आणि त्यांच्यापासून लाइम रोग होतो. पँट मोज्यात खोचा आणि रोज संध्याकाळी नातवाचे केस, कानांमागचा भाग, काखा, गुडघ्यांमागची जागा तपासा. गोचीड सापडली तर बारीक चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढावी. तेल लावू नये, चटका देऊ नये.

पाचपाखाडीकर (ठाणे पश्चिम)

आपणा सर्वांचा मनःपूर्वक आभारी आहे. मुलाने काल दारावरची पट्टी वाचली. आकडा १,२५० पौंड, म्हणजे ५६७ किलो निघाला. त्यामुळे ट्रेलर ओढण्याचा विषय संपला. वॉटकिन्स ग्लेनला सहा रात्री आणि उरलेले दिवस घरी, असे ठरत आहे. नायगारा तिथून एका दिवसात होईल का? की तिथल्या स्टेट पार्कात एक रात्र राहावे? आणि आरक्षण कधी करावे?

पारसिकची पायवाट (सीबीडी बेलापूर)

नायगारा फॉल्स स्टेट पार्क हे अमेरिकेतील सर्वांत जुने स्टेट पार्क, १८८५ चे. पण तिथे तंबू-ट्रेलरसाठी जागाच नाही. वॉटकिन्स ग्लेनहून एका बाजूला अडीच तास लागतात. पहाटे निघून रात्री परत येता येईल, परंतु परतताना अंधारात हरणे रस्त्यावर येतात, म्हणून चिरंजीवांना सावकाश चालवायला सांगा. मुक्कामच करायचा असेल, तर ट्रेलर न हलवता एका रात्रीपुरती हॉटेलची खोली घ्यावी.

न्यूयॉर्कमध्ये आरक्षण नऊ महिने आधी खुले होते. ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी तिकडे सुटी असते, आणि ती शनिवार-रविवारला जोडून येत असल्याने त्या आठवड्याच्या शेवटच्या रात्री सर्वांत आधी संपतात. आपण रविवारी दुपारी पोहोचून शनिवारी सकाळी निघालात, तर गर्दी टळेल. जागा निवडताना तिची लांबी पाहा, वीज आहे का पाहा आणि स्नानगृहापासूनचे अंतर पाहा. वहिनींसाठी ते शंभर-दीडशे पावलांत असावे. मालक ट्रेलर आणून देणार असेल, तर उद्यानाला ते चालते का, हे पैसे भरण्यापूर्वी दूरध्वनीवरून विचारून घ्यावे.

वॉटकिन्स ग्लेनच्या घळीच्या वाटेवर ८०० हून अधिक दगडी पायऱ्या आहेत. गुडघ्यांना चढण्यापेक्षा उतरणे जड जाते, म्हणून वहिनींना जायचेच असेल, तर खालून सावकाश चढावे आणि वरच्या प्रवेशद्वाराशी गाडी बोलावून घ्यावी. तोवर उपवन तलावापासून येऊरच्या चढावर दोघांनी आठवड्यातून तीनदा चालावे. रात्री दहानंतर उद्यानात शांतता पाळावी लागते. जवळपास सगळे दिवे मालवले जातात. तेव्हा खुर्ची घेऊन दाराबाहेर बसा, जाड कोट घाला आणि नातवालाही अर्धा तास जागे ठेवा.