मदत हवी आहे: अ‍ॅन्जिओप्लास्टीनंतर बाबा व्यायामाला जायला तयार नाहीत (देवगड)

नमस्कार मंडळी. बाबा ६४ वर्षांचे, देवगड तालुक्यात आमची हापूसची कलमं आहेत. गणपती गेल्यावर आठवड्याभरात त्यांना हार्ट अटॅक आला. कोल्हापुरात अ‍ॅन्जिओप्लास्टी झाली, एक स्टेंट घातलाय. डिस्चार्जच्या वेळी हृदयाचं पंपिंग (एका ठोक्याला हृदय आतलं किती रक्त बाहेर ढकलतं ते) ४५ टक्के होतं. गोळ्या आई वेळेवर देते, ती काळजी नाही.

अडलंय ते कार्डिअ‍ॅक रिहॅबपाशी, म्हणजे अटॅकनंतर देखरेखीखाली करायच्या व्यायामापाशी. आठवड्यातून तीनदा, १२ आठवडे या म्हणाले. म्हणजे ३६ वेळा घाट चढायचा आणि उतरायचा! बाबा दोनदा गेले, तिसऱ्या खेपेला गाडी दारात येऊनही उठले नाहीत. मी ठाण्याहून फोनवर रागावलो, तर म्हणाले, "जल्मभर ह्यो घाटी चढलंय, आता माका चालूक शिकवतलो कोण?"

मला तो हट्ट वाटला. मग दिवाळीत घरी गेलो. रात्री दोनला उठलो तर बाबा पडवीत बसलेले. डाव्या कुशीवर पडलं की ठोके कानात वाजतात, म्हणून झोपत नाहीत. विहिरीकडे उतरायच्या जांभ्याच्या पायऱ्या ते महिनाभर उतरलेले नाहीत, हे मला आईकडून कळलं. आईसुद्धा धास्तावलेली, साधी खुर्ची उचलू देत नाही. त्या रात्रीपासून मी एकदाही रागावलो नाही.

हॉस्पिटलात सहा मिनिटं चालण्याची चाचणी घेतली तेव्हा मात्र ते न घाबरता चालले होते, कारण फिजिओथेरपिस्ट बाई शेजारून चालत होत्या. मला वाटतं, त्यांना तेवढंच हवंय.

योगा-केअर नावाच्या भारतीय अभ्यासाबद्दल वाचलं (२०२०, २४ रुग्णालयं, जवळपास ४,००० रुग्ण). १२ आठवड्यांत योगाचे १३ वर्ग होते. पुन्हा अटॅक येण्यात किंवा मृत्यूत ठोस फरक दिसला नाही, पण लोक आपल्या आधीच्या कामांकडे जास्त परतले. बाबांसाठी ही गोष्ट फार मोठी आहे.

कणकवली-कुडाळकडे घरी येऊन, निदान सुरुवातीचे काही दिवस सोबत चालून व्यायाम घेणारं कुणी आहे का? बीटा ब्लॉकर (ठोके संथ ठेवणारी गोळी) चालू असल्याने नाडी मोजून अंदाज येत नाही. चालताना बोलता आलं पाहिजे, धाप लागता कामा नये, एवढंच सांगितलंय. पण आमच्याकडे सपाट रस्ताच नाही, दारातून बाहेर पडलं की चढ नाहीतर उतार. तुमच्या घरच्यांनी अशा जागी कशी सुरुवात केली? आणि आईची भीती कशी घालवली?

डिसेंबरात पुन्हा दाखवायला जायचंय. फवारणीचा पंप पाठीवर घ्यायचा नाही हे बाबांनी मान्य केलंय. निघताना हळूच मला विचारलं, "आंबे काढूक घळ हातात घेवक गावतली मा रे?" (घळ म्हणजे आंबे उतरवायची जाळी लावलेली लांब काठी.) हात वर करून काम केलं की हृदयावर ताण जास्त येतो, हे मला ठाऊक आहे. म्हणून मी गप्प राहिलो. तुमच्यापैकी कुणाच्या वडिलांनी अटॅकनंतर पुन्हा घळ धरली असेल, तर किती महिन्यांनी, ते कृपया सांगा.