'गिफ्टेड' (म्हणजे खास हुशार मुलांच्या) वर्गात निवड झालीये, हे मुलांना कसं सांगितलंत?

लेक आठ वर्षांची, निवडीचं पत्र परवा आलंय पण तिला अजून सांगितलं नाहीये, शब्दच सुचेनात. हुशार म्हणायचं की नाही? धाकट्यासमोर बोलायचं का? तुमच्याकडे जसं घडलं तसं लिहा, चुकलं असेल तर तेही.

—

आमचं चुकलंच. "सगळ्यांत हुशार निघालास" म्हणून उचलून घेतलं त्याला. नव्या वर्गात दोन महिन्यांत पहिलं अवघड गणित आलं आणि वही दप्तराच्या तळाशी कोंबलेली सापडली, पान खोडून खोडून फाटलेलं. म्हणाला, "मला आलं नाही, म्हणजे चुकून घेतलं ना मला?" पोटात गोळाच आला. नंतर म्युलर आणि ड्वेक या मानसशास्त्रज्ञांच्या १९९८ च्या प्रयोगांबद्दल वाचलं, पाचवीतली मुलं होती, "हुशार आहेस" ऐकलेली मुलं पुढे सोपं काम मागायची आणि मेहनतीचं कौतुक झालेली बहुतेक अवघड. तेव्हापासून हुशार हा शब्द बंद, "आज कुठे अडलास?" एवढंच विचारतो.

—

आमच्याकडे प्रश्न थोरलीचा होता. धाकट्याला घेतलं, तिला दोन वर्षांपूर्वी नव्हतं घेतलं. मान खाली घालून म्हणाली, "म्हणजे मी साधी." आधी नुसतंच जवळ घेतलं. मग सांगितलं की ही एका दिवसाची परीक्षा असते, बऱ्याच ठिकाणी आयक्यू १३० च्या आसपास रेघ मारतात, १२८ वाला बाहेर. टर्मन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९२१ पासून अभ्यासासाठी अशी मुलं निवडली तेव्हा लुई अल्वारेझ त्यांच्या रेघेखाली राहिले होते, त्यांना १९६८ चं फिजिक्सचं नोबेल मिळालं. ती हसली वगैरे नाही. फक्त विचारलं, "त्याला पण वाईट वाटलं असेल का?"

—

मी अशा वर्गाला शिकवते. मुलांचा पहिला प्रश्न हुशारीचा नसतोच हो, मधल्या सुट्टीत कोणाबरोबर बसायचं हा असतो. त्याचं उत्तर आधी तयार ठेवा.

—

मी स्वतः तो मुलगा होतो. घरी कुणी काही बोललंच नाही, वर्ग बदलला आणि मला वाटलं शिक्षा झाली. कृपा करून सांगा, दोन वाक्यांत का होईना.

—

धागा माझाच. काल सांगितलं, "तुला आता जे शिकायला हवंय ते त्या वर्गात आहे, म्हणून." धाकटा शेजारीच बसला होता. तिने मैत्रिणीचंच विचारलं, अगदी बाई म्हणाल्या तसंच.