अक्षरांचे रंग खरे की आठवणीतले? घरी कसं तपासायचं?

रंगपेटी: 'मंगळवार' म्हटलं की विटकरी, '७' म्हटलं की पोपटी, असे रंग आपोआप येणं म्हणजे सिनेस्थेशिया. पण ते खरंच आपोआप येतात की लहानपणच्या चित्रांच्या पुस्तकातून आलेले असतात? घरच्या घरी तपासता येतं का? देवनागरीत 'क' आणि 'की' वेगळे धरायचे का?

काना_मात्रा: रंगाचं नाव लिहून तपासू नका. 'निळा' हा शब्द सहज लक्षात राहतो, नेमकी छटा राहत नाही. १० अंक, ७ वार आणि २० अक्षरं घ्या. प्रत्येकाची छटा कॉम्प्युटरच्या रंगपट्टीवर ३ वेळा निवडा. क्रम दर वेळी पिसलेला हवा. रंगपट्टी प्रत्येक छटेसाठी लाल, हिरवा, निळा यांचे ० ते २५५ मधले आकडे दाखवते, ते २५५ ने भागा. मग एका अक्षराच्या तिन्ही निवडींमधले फरक जोडी-जोडीने काढून बेरीज करा. 'त' साठी (०.८, ०.२, ०.२), (०.७, ०.२, ०.२), (०.८, ०.३, ०.२) आले, तर लालचा फरक ०.२, हिरव्याचा ०.२, एकूण ०.४. सगळ्या अक्षरांची सरासरी १ च्या खाली आली तर सिनेस्थेशिया धरतात. मेंदूशास्त्रज्ञ डेव्हिड ईगलमन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये मांडलेली ही पद्धत. अंदाजाने निवडणाऱ्यांची सरासरी २ च्या आसपास जाते.

दोन चुका हमखास होतात. स्क्रीनचा नाइट मोड चालू राहिला की सगळं पिवळट दिसतं. आणि प्रत्येक अक्षराला काळाच रंग दिला तर सरासरी खोटीच कमी येते. रंग येत नसेल तिथे जागा रिकामी सोडा, ओढूनताणून देऊ नका.

जोडाक्षर: 'खरे की आठवणीतले' अशी विभागणी मला पटत नाही. २०१५ च्या एका अभ्यासात ६,५८८ अमेरिकन सिनेस्थेट (सिनेस्थेशिया असलेले लोक) होते. त्यांतल्या सुमारे ६ टक्के लोकांचे रंग एका खेळण्यातल्या चुंबकी अक्षरांशी जुळले. रंग बाहेरून आला तरी तो आता आपोआप येतो, म्हणून खराच.

देवनागरीत 'क', 'कि', 'की' वेगळेच तपासा. 'कि' मध्ये वेलांटी डोळ्याला आधी दिसते, कानाला नंतर ऐकू येते. 'श' आणि 'ष' बहुतेकजण सारखेच उच्चारतात. रंग वेगळे आले तर ते आकाराला चिकटलेत. '५', '5' आणि नुसता ऐकलेला 'पाच' यांचा रंग एकच असेल, तर तो संख्येच्या कल्पनेला आहे.

काना_मात्रा: हे '५' आणि '5' वेगवेगळ्या दिवशी घ्या, नाहीतर पहिल्याचा रंग दुसऱ्यावर चढतो. आणि मोठेपणी असे रंग अचानक दिसू लागले तर चाचणीत वेळ न घालवता डॉक्टरांना दाखवा.