शाळेला सर्व्हर हवाच, पेन ड्राइव्हवर वर्ग चालत नाही

लॅबवाले सर
काल एका पालकांनी लिहिलं होतं, "शाळेने सर्व्हरवर खर्च करणं म्हणजे पैशाची नासाडी. मुलांकडे लॅपटॉप आहेत, पेन ड्राइव्ह आहे, गूगल ड्राइव्ह आहे. आणखी काय हवं?" सोडून देणार होतो, पण राहवत नाही.

आयटीच्या प्रॅक्टिकलला ४० मुलं बसतात. प्रत्येकाला २०० एमबीचं सॉफ्टवेअर द्यायचं म्हटलं तर ८ जीबी. तालुक्याच्या गावात शाळेला जे नेट येतं, त्यावरून हे एका तासात उतरवून दाखवा. तेच सर्व्हरवर, म्हणजे लॅबमधल्या सगळ्या मशीनना फाइली पुरवणाऱ्या शाळेतल्याच कॉम्प्युटरवर, एकदा आणून ठेवलं की गिगाबिट स्विचवरून (मशीन एकमेकांना जोडणाऱ्या वेगवान डब्यावरून) सगळ्या वर्गाला दोन-तीन मिनिटांत मिळतं. नेट गेलं म्हणून प्रॅक्टिकल बुडत नाही.

आणि पेन ड्राइव्ह? सगळ्या फोल्डरांचे एक-एक केबीचे शॉर्टकट झालेले पाहिले नाहीत, असा लॅबवाला महाराष्ट्रात सापडायचा नाही. अ‍ॅट्रिब कमांड मारून व्हायरसने लपवलेल्या फाइली बाहेर काढेपर्यंत व्हायरस पुढच्या चार मशीनवर पोहोचलेला असतो.

आमच्याकडे जुन्या डेस्कटॉपवर डेबियन (फुकट मिळणारं लिनक्स) आणि सांबा (विंडोजच्या मशीनना फोल्डर वाटून देणारं सॉफ्टवेअर) आहे. 'वाटप' फोल्डर मुलांना फक्त वाचता येतो. 'जमा'मध्ये ज्याचं त्याचं खातं, शेजाऱ्याचं उघडत नाही. 'गट'मध्ये प्रकल्पातल्या चौघांनाच लिहिता येतं. फाइल कोणाची, हक्क कोणाला, हे मूल रोज हाताने वापरून शिकतं.

घाटमाथा
तो पालक मीच. माझ्या मुलीच्या आधीच्या शाळेत असाच सर्व्हर होता. सरांची बदली झाली, पासवर्ड त्यांच्याबरोबर गेला. नव्या बाईंना कोणी काही सांगितलं नाही. मग हार्ड डिस्क गेली आणि मुलांचं वर्षभराचं काम गेलं. प्रॅक्टिकल तोंडावर आलेली, पोरगी रात्र-रात्र जागून सगळं परत करत बसली. कोणी साधं "चुकलं" म्हणालं नाही. तुम्ही मन लावून करता म्हणून तुमचा सर्व्हर चालतो. उद्या तुम्ही गेलात तर?
गूगल शाळांना फुकट सेवा देतं, सगळ्या शाळेत मिळून १०० टीबी (म्हणजे सुमारे एक लाख जीबी) जागा. ती तरी कोणाच्या बदलीने बंद पडत नाही.

केबलजोड
१०० टीबी जागा आहे, पण तिथवर जायला रस्ता नको का? शिवाय २०२३ च्या डीपीडीपी कायद्यात, म्हणजे वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या कायद्यात, १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती सांगितली आहे. मुलांची खाती उघडताना किती शाळा तुम्हाला विचारतात?
पण लॅबवाले सर, तुम्हालाही एक सांगतो. घरून येणारे लॅपटॉप आता वेगळे आहेत. विंडोज ११ प्रोची २४एच२ आवृत्ती मूळ सेटिंगमध्ये पासवर्डशिवाय पाहुणा म्हणून सर्व्हरवरचा फोल्डर उघडूच देत नाही. मग काही लॅबवाले वैतागून जुनं एसएमबी१ (नेटवर्कवर फाइली देण्याघेण्याची विंडोजची जुनी, असुरक्षित पद्धत) चालू करतात. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय हा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस त्याच दारातून जगभर पसरला होता. प्रत्येक मुलाला वेगळं खातं द्यायचं नसेल तर सर्व्हर ठेवूच नका.

नवी शिक्षिका
आमच्याकडे मुलांच्या लॅपटॉपवर 'नेटवर्क'मध्ये सर्व्हर दिसतच नाही. रोज अर्धा तास त्यातच जातो.

केबलजोड
दिसत नाही म्हणजे पोहोचत नाही असं नव्हे. वायफाय 'पब्लिक' म्हणून जोडलेलं असलं की शोध बंद असतो. अ‍ॅड्रेस बारमध्ये दोन उलट्या तिरक्या रेघा आणि सर्व्हरचा आयपी टाका, उघडेल. नाहीच उघडलं तर अ‍ॅक्सेस पॉइंटवर (वायफाय देणाऱ्या डब्यावर) पाहुण्यांचं वेगळं नेटवर्क दिलंय का ते बघा.

मराठीच्या बाई
उघडतं हो, पण आत काय असतं? सहामाहीची प्रश्नपत्रिका सर्व्हरवर आहे, मी घेतली, आणि 'कवितेचे रसग्रहण करा'च्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस आणि टिंबं. जुन्या फॉन्टात टाइप केलेली. तो फॉन्ट एका मशीनवर आहे, दुसऱ्यावर नाही. सर्व्हरवर 'रसग्रहण' शोधलं तर काहीच सापडत नाही. असा साठा काय कामाचा? आधी युनिकोड, म्हणजे कुठल्याही मशीनवर सारखंच वाचता येणारं टायपिंग, सक्तीचं करा, मग सर्व्हरचं बोला.

डीटीपीवाला
बाई, सक्ती करणं सोपं असतं. तालुक्यातल्या शाळांच्या प्रश्नपत्रिका आम्हीच लावतो, पेजमेकर या पानं लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये. तुमचा युनिकोड मजकूर तिथे टाकला की नुसती प्रश्नचिन्हं. मग सगळं परत टाइप, त्याच पैशात.

मराठीच्या बाई
पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ ची! युनिकोडचा मंगल फॉन्ट विंडोज २००० मध्येच आला होता. मुलं फोनवर युनिकोडमध्येच लिहितात आणि शाळेत येऊन त्यांनी तुमच्या दुकानासाठी मागे जायचं? मी माझ्या वर्गात इनस्क्रिप्ट हा युनिकोडचा कीबोर्ड शिकवते. मुलांना ते पटकन जमतं, कारण स्वर-मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. अडतात ती मोठी माणसं.

डीटीपीवाला
आवाज चढवू नका. नवीन सॉफ्टवेअरचं भाडं दरमहा भरावं लागतं, ते शाळा देणार का? त्या इनडिझाइनमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर (देवनागरीसारख्या लिप्या नीट जुळवणारी सोय) लावला नाही की 'प्रश्न'चा सुद्धा चक्काचूर होतो. रात्री अकराला प्रूफ बघायला आम्हीच असतो, तुम्ही नाही.

मराठीच्या बाई
मी तिसऱ्या प्रूफापर्यंत दुकानात उभी राहिलेली बाई आहे. मला हे सांगू नका.

डीटीपीवाला
बरं. शाळेचं काम युनिकोडमध्ये घेईन. पण जोडाक्षर तुटलं तर प्रूफावर सही तुमची.

लॅबवाले सर
फॉन्टचं भांडण महत्त्वाचं आहे, पण मूळ मुद्द्यावर येऊ. घाटमाथा, तुमच्या मुलीचं काम गेलं त्याचा रागच यायला हवा. म्हणून सर्व्हरचे पासवर्ड बंद लिफाफ्यात मुख्याध्यापकांच्या कपाटात हवेत. दर शनिवारी दुसऱ्या डिस्कवर प्रत काढायची, ती काढून ऑफिसात ठेवायची. मशीनमध्येच दोन डिस्क जोडल्या म्हणजे बॅकअप झाला, हे मानू नका.
आणि शिकण्याचं म्हणाल तर बघा. एका मुलाने वेब पेज जमा केलं, त्याच्या लॅपटॉपवर चित्रं छान दिसत होती. सर्व्हरवरून उघडलं तर सगळीकडे तुटलेल्या चौकटी. चित्राचा पत्ता त्याने स्वतःच्या सी ड्राइव्हमधल्या डाउनलोड्सचा दिला होता. फाइल दुसरीकडे गेल्यावर काय होतं, हे त्याला त्या दिवशी कळलं.

घाटमाथा
लिफाफ्याचं मानलं. पालकसभेत विरोध करणार नाही, एवढंच. पण शाळा सुटल्यावर सर्व्हर बंद. मुलीला प्रकल्प घरी पुढे न्यायचा असेल तर? ती सोय होईपर्यंत पेन ड्राइव्ह तिच्या दप्तरात राहणार.

केबलजोड
राहू दे. मात्र लॅबच्या दाराशी एक लिनक्सचं मशीन ठेवा, पेन ड्राइव्ह आधी त्यालाच लावायचा, तिथे तपासून 'जमा'त टाकायचं. एकाही विंडोजला थेट नाही. मुख्याध्यापकांच्या सुद्धा नाही, तिथूनच सगळ्यात जास्त येतात.