मदत हवी आहे : कापसाच्या गावात पॉलिस्टरचा झेंडा लावावा का?

मंडळी, १५ ऑगस्टसाठी ग्रामपंचायतीचा नवा झेंडा घ्यायचा आहे, १८०० बाय १२०० मिलिमीटरचा. ३० डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीपासून ध्वजसंहितेत मशीनवरचा पॉलिस्टरचा झेंडाही चालतो. तो हलका, लवकर वाळणारा. पण चहूकडे कापसाची पऱ्हाटी उभी, कापसाच्या भावासाठी माणसं तळमळताहेत, अन् सलाम पॉलिस्टरला? मन मानत नाही. १९२३ चा झेंडा सत्याग्रह आपल्या नागपूरचाच ना! झेंड्यावर जीव आहे म्हणूनच हे टोचतं.

खादीची खरी अडचण पावसाची. सुती दोरी भिजली की फुगते, सरकगाठ आवळून बसते. ओलं कापड आपल्याच घड्यांना चिकटतं. त्यात फुलं जास्त कोंबली की गोळा होतो अन् झटका दिला तरी झेंडा उघडत नाही. नायलॉनची दोरी फुगत नाही, पण गुळगुळीत असल्यानं गाठ वर पोचण्याआधीच सुटते. गाठ न बांधता झेंडा उघडाच, झपाट्यानं वर चढवला तर? संहितेत चढवताना झपाट्यानं अन् उतरवताना सावकाश, एवढंच आहे.

कोणी असं केलं आहे का? गावकऱ्यांना फुलांविना चाललं का? विदर्भात या मापाची प्रमाणित खादी कुठं मिळते?

आणखी एक. फाटलेला झेंडा एकांतात, सन्मानानं, शक्यतो जाळून संपूर्ण नष्ट करायचा असतो. पण १६ तारखेला नालीत सापडणाऱ्या प्लास्टिकच्या झेंड्यांचं काय करता? ते जाळले तर धूर विषारी.