मदत हवी आहे : घरच्या आईस्क्रीममधली सुटी जीएमएस पावडर शाकाहारीच असते का?

नमस्कार. मी सोलापूरची, जुळे सोलापूरला राहते. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पार गेला की आमच्या बिल्डिंगमधली पोरं माझ्या दारात असतात, कारण आईस्क्रीम मी घरीच करते. अर्धा लिटर दूध, पाच चमचे साखर, एक चमचा कॉर्नफ्लोअर, एक चमचा जीएमएस (फेटताना फुगायला मदत करणारी पावडर), चिमूटभर सीएमसी (घट्टपणा देणारी पावडर). शिजवायचं, गोठवायचं, मग साय घालून दुप्पट फुगेपर्यंत फेटायचं. कितीतरी वर्षं हेच प्रमाण.

शेजारच्या आजी जैन आहेत. कांदा-लसूण नाही, कंदमुळं नाहीत, सूर्यास्तानंतर तोंडात काही नाही. बाहेरचं आईस्क्रीम त्यांनी कधीच सोडलं, पण माझ्या हातचं खातात. "तू घरी करतेस, मला काळजी नाही," असं म्हणतात.

गेल्या आठवड्यात त्यांची नात ओट्याशी उभी राहून बघत होती. तिने विचारलं, "काकू, ही पावडर कशाची असते ओ? आजीला चालते ना?" मी उत्तर द्यायला पाकीट उलटंपालटं केलं आणि गप्पच झाले. पारदर्शक प्लास्टिकची पिशवी, स्टेपल केलेली चिठ्ठी, त्यावर पेनने "जीएमएस ५० ग्रॅम". कंपनीचं नाव नाही, हिरवा ठिपका नाही. मंगळवार पेठेतल्या ज्या दुकानातून आणते तिथे जाऊन विचारलं, तर "सगळे हेच नेतात की ताई" एवढंच उत्तर.

मग वाचायला बसले. जीएमएस म्हणजे ग्लिसरॉल मोनोस्टिअरेट, आणि बिस्किटाच्या पुड्यावर 'इमल्सिफायर ४७१' लिहिलेलं असतं ते याच कुळातलं, एवढं कळलं. ते तेलापासून होतं तसं प्राण्यांच्या चरबीपासूनही होतं, हे वाचल्यापासून जीव थाऱ्यावर नाही. आजी माझ्या भरवशावर खात आल्यात.

हातातल्या पावडरीचा उगम घरी ओळखता येतो का? पुड्यावर ४७१ असेल पण हिरवा ठिपकाही असेल, तर विश्वास ठेवावा का? आणि जीएमएस न घालता बर्फाचे खडे न होणारं आईस्क्रीम कुणी करतं का? सीएमसीबद्दलही सांगा.

प्रतिसाद १

ताई, मी बेकरीच्या कच्च्या मालाच्या धंद्यात आहे. ४७१ हा आकडा पदार्थ कोणता ते सांगतो, कशापासून केला ते सांगत नाही. तेल किंवा चरबी ग्लिसरीनबरोबर तापवली की मोनो आणि डायग्लिसराइड्स तयार होतात, तेच ४७१. पाम, सोयाबीन, सूर्यफूल चालतं, तशी जनावराची चरबीही चालते. दोन्हीकडचं स्टिअरिक आम्ल एकच, त्यामुळे रंग, वास, चव किंवा पाण्यात टाकून बघणे, कशानेच घरी फरक कळणार नाही. कुणी तशी युक्ती सांगितली तर मानू नका.

म्हणून भरवसा लेबलवरच. आपल्या कायद्यात दूध, दुधाचे पदार्थ, मध असे मोजके अपवाद सोडून प्राण्यापासूनचा कुठलाही घटक असला, कणभर असला तरी, तो पदार्थ मांसाहारी ठरतो आणि त्याला हिरवा ठिपका लावता येत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही हेच बजावलं : नुसता कोड छापून भागत नाही, घटक वनस्पतीचा की प्राण्याचा ते ग्राहकाला कळलं पाहिजे, प्रमाण कितीही कमी असो. तेव्हा ठिपका असलेल्या बिस्किटाची चिंता सोडा.

सुट्या पावडरीचं मात्र तुमचं खरं आहे. दुकानदाराला मूळ पोतं दाखवायला सांगा. त्यावर उत्पादकाचं नाव आणि १४ आकडी परवाना क्रमांक असायलाच हवा, ठिपकाही शोधा. दाखवत नसेल तर घेऊ नका, सीलबंद पाकीट घ्या. सीएमसी सेल्युलोजपासून करतात, म्हणजे लाकडाचा किंवा कापसाचा लगदा. त्यात चरबीचा संबंध नाही.

प्रतिसाद २

आमच्या घरात हाच प्रश्न डुकराच्या चरबीमुळे येतो. अम्मी पुडा हातात घेतला की आधी हिरवा ठिपका शोधते. सुटं आम्हीही आणत नाही.

प्रतिसाद ३

काकू, जीएमएसशिवाय होतं. जीएमएसचं काम काय, तर दुधातल्या स्निग्धाच्या कणांवरचं प्रथिनांचं आवरण थोडं हटवायचं, म्हणजे फेटताना ते कण एकमेकांना धरतात आणि हवा कोंडून ठेवतात. आपण हवा दुसऱ्या वाटेने भरायची. दूध निम्मं होईपर्यंत आटवा, दोन चमचे दूध पावडर घाला, पूर्ण गार करा. दुधाचं व्हिपिंग क्रीम (फेटून फुगणारं घट्ट क्रीम) बर्फावर भांडं ठेवून वेगळं फेटा, टोकं उभी राहिली की हलक्या हाताने मिसळा. क्रीम गार नसेल तर फुगणार नाही, इथल्या उन्हात तिथेच सगळं फसतं.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. दुकानात परत गेले. पोतं संपलं म्हणाले, म्हणून उरलेली पावडर टाकून दिली. दुसरीकडून सीलबंद पाकीट आणलंय, ठिपका आणि परवाना क्रमांक दोन्ही आहेत. पण या खेपेला आंब्याचं केलं ते प्रतिसाद ३ प्रमाणे, जीएमएस न घालता. जरा घट्ट झालंय, वाढण्याआधी दहा मिनिटं बाहेर काढून ठेवावं लागतं.

आजींना मी स्वतः जाऊन सगळं सांगितलं, आधीच्या वर्षांचंही. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "तुला ठाऊक नव्हतं, मलाही नव्हतं. आता दाखव." चष्मा लावून त्यांनी क्रीमच्या डब्यावरचा ठिपका बघितला, दूध पावडरीच्या पुड्यावरचा बघितला. तोवर दिवेलागण झाली होती, म्हणून त्यांची वाटी उद्या दुपारी चारला.