गाडी मामंजींच्या नावावर, चालवणारे पाच जण. विमा नक्की कुणाचा?

देवरूखची_थोरली

नमस्कार मंडळी. लांबलचक लिहितेय, सांभाळून घ्या.

आमच्याकडे चार वर्षांपूर्वी घेतलेली एर्टिगा आहे. मामंजी एसटीतून निवृत्त झाले तेव्हा फंडातले पैसे बाजूला ठेवले होते, त्यातून घेतली. म्हणून आरसी, पॉलिसी सगळं त्यांच्या नावावर. आता त्यांचं वय ७७. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून ते गाडी चालवत नाहीत, परवाना संपला तोही पुन्हा काढला नाही. पण रोज सकाळी फडकं घेऊन पुसतात मात्र तेच.

चालवतात कोण? आमचे हे. मी (शाळेत जायला, पाऊस असेल तेव्हा). गणपती-शिमग्याला अंबरनाथहून येणारे भाऊजी. वन्संचा मुलगा, त्याचा परवाना अजून शिकाऊ आहे. आणि वाडीतला एक मुलगा, मामंजींना रत्नागिरीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं असलं की त्याला दिवसाचे पैसे देऊन बोलावतो.

तर यंदा गौरी-विसर्जनाच्या दिवशी भाऊजींनी गाडी मागे घेताना आमच्याच गडग्याला घासली. मागचा बंपर फुटला, डाव्या बाजूचा रंग गेला. माणसाला काही नाही, गडग्याचे दोन चिरे सरकले. गॅरेजवाल्याने ११,००० चा अंदाज दिला: बंपर ५,२००, रंगकाम ४,८००, काढण्या-बसवण्याची मजुरी १,०००. क्लेम करायचा म्हणून फॉर्म आणला, तर त्यात ‘अपघाताच्या वेळी गाडी कोण चालवत होते’ हा रकाना आणि सोबत परवान्याची प्रत. तेव्हा कळलं की भाऊजींचा परवाना जूनमध्येच संपलाय! ते म्हणतात, वर्षभरात रिन्यू करता येतो, म्हणजे चालू आहे असंच धरायचं. गॅरेजवाला म्हणतो, वहिनी, कशाला डोक्याला ताप, दादांचं नाव टाका. आणि वन्सं अमेरिकेत असतात, त्या फोनवर म्हणाल्या की पॉलिसीत पाचही जणांची नावं घातली नसतील तर मुळात विमाच नाही.

घरात विम्याचं सगळं मीच बघते, म्हणजे दरवर्षी पैसे भरते आणि पीडीएफ फोनमध्ये ठेवते. आता वाटायला लागलंय की मी नक्की कशाचे पैसे भरत होते? नावं घालावी लागतात का? आणि क्लेम करू की नको?

आप्पा_सर्व्हेअर

ताई, मी मोटार सर्व्हेअर होतो, म्हणजे क्लेम आलेल्या गाड्यांचं नुकसान तपासणारा, २६ वर्षं. चिपळूण, खेड, दापोली हा पट्टा. आता घरी असतो, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी तुमच्या वन्संचं. त्यांच्याकडचा नियम त्यांच्याकडे बरोबर असेल, पण आपल्याकडे खासगी गाडीचा विमा गाडीचा असतो, चालवणाऱ्यांची यादी लागत नाही. तुमची पीडीएफ उघडा, त्यात ‘ड्रायव्हर्स क्लॉज’ असा एक परिच्छेद असेल. त्याचा अर्थ एवढाच की मालकासह कुणीही गाडी चालवू शकतो, अट एकच: अपघाताच्या वेळी त्याच्याकडे चालू परवाना हवा आणि तो अपात्र ठरवलेला नसावा. म्हणजे तुम्ही, तुमचे हे, वाडीतला मुलगा, सगळे बसतात त्यात. भाचाही बसतो, पण त्याच्या शेजारी पक्का परवाना असलेलं माणूस हवं आणि गाडीला पुढे-मागे १८ सेंटिमीटरच्या चौकोनी पांढऱ्या पाटीवर लाल ‘एल’ हवा. मोटार वाहन नियमातला नियम ३. पाटी नसताना आमराईपर्यंत एकटाच गेला आणि काही झालं, तर तो शिकाऊ नाही, विनापरवाना.

भाऊजी मात्र बसत नाहीत. परवाना संपल्यावर ३० दिवस तो चालू धरायची सवलत पूर्वी होती, २०१९ च्या दुरुस्तीत ती गेली. वर्षभरात चाचणीशिवाय नूतनीकरण होतं हे खरं, पण मधल्या काळात तो परवाना चालू होता असं त्याने होत नाही. गौरी-विसर्जनाला भाऊजींच्या खिशात होतं ते नुसतं प्लॅस्टिक.

दादांचं नाव टाकू नका. हे नीतीचे धडे म्हणून सांगत नाही. दाभोळ रस्त्यावरच्या एका क्लेममध्ये लिहिलं होतं की गाडी मालकीणबाई चालवत होत्या. बाईंची उंची जेमतेम पाच फूट. मी गाडीत बसलो तर सीट शेवटच्या खाचेपर्यंत मागे सरकवलेली, माझेच पाय क्लचला पुरेनात. विचारल्यावर थोरल्या चिरंजीवांनी मान खाली घातली. गेला क्लेम. बंपरसाठी खोटं लिहून फाइल काळी करू नका, पुढे खरोखरच मोठं काही झालं तर हीच फाइल उघडतात.

घाटावरचा

आप्पांशी सहमत. शिवाय हिशेब बघा. परवाना चालू असता तरी मी हा क्लेम केला नसता.

ताई, तुमची चौथ्या वर्षाची पॉलिसी दिसतेय. मधे क्लेम नसेल तर यंदा ३५ टक्के नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात सूट) मिळाला असणार. ओन डॅमेजचा, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागाचा, मूळ हप्ता किती आहे?

देवरूखची_थोरली

बघितलं. बोनस ३५ टक्केच आहे. बोनस वजा करण्याआधीचा आकडा ९,००० च्या आसपास. झिरो डेप (घसारा न कापणारं ॲड-ऑन) नाही, एजंटने विचारलं होतं, मीच नको म्हटलं.

घाटावरचा

मग ऐका. बंपर प्लॅस्टिकचा, त्यावर ५० टक्के घसारा (जुनेपणाची कपात), म्हणजे २,६०० मिळतील. रंगकामात २५ टक्के माल धरतात आणि त्या मालावर ५० टक्के घसारा, म्हणजे ४,८०० मधले ४,२००. मजुरी पूर्ण १,०००. झाले ७,८००. त्यातून १५०० सीसीच्या आतल्या गाडीला सक्तीची वजावट (ती आपणच सोसायची) १,०००. हातात ६,८००.

आता जातं काय ते. क्लेम न करता पुढच्या तीन वर्षांत बोनस ४५, ५०, ५० टक्के. केला तर ०, २०, २५. फरक ४५, ३० आणि २५, बेरीज बरोबर १०० टक्के, म्हणजे तुमचे ९,०००. गाडीची किंमत उतरेल तसा हप्ताही थोडा उतरेल, तरी क्लेम आतबट्ट्याचाच. पाच जणांच्या हातात फिरणाऱ्या गाडीचं खरं दुखणं हेच आहे. ठोकतो एक, बोनस जातो सगळ्यांचा. नूतनीकरणाला बोनस वाचवणारं ॲड-ऑन मिळतं का ते विचारा, आणि झिरो डेपही. आमच्याकडे दोघे भाऊ एकच गाडी वापरतो. ठरवलंय की १५,००० च्या आतलं काम ज्याने केलं त्याने निस्तरायचं. पहिल्या वर्षी भांडलो, आता नाही भांडत.

एडिसनचा_मराठी

न्यू जर्सीत राहतो. वन्संची बाजू घेतो थोडी. इथे घरातल्या गाडी चालवण्याच्या वयाच्या प्रत्येकाचं नाव कंपनीला कळवावं लागतं आणि प्रत्येकाच्या वयावर, रेकॉर्डवर हप्ता ठरतो. मुलगा १७ चा झाला तेव्हा आमचा हप्ता बघून बायको म्हणाली, याला बसनेच जाऊ दे. त्यामुळे त्यांना तसं वाटणं साहजिक आहे.

माझा प्रश्न: मी दर वर्षी सांगलीला येऊन वडिलांची गाडी इथल्याच लायसन्सवर चालवतो. मग माझंही प्लॅस्टिकच का?

आप्पा_सर्व्हेअर

निघताना तिकडच्या ‘ट्रिपल ए’ (अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशन) कडून आंतरराष्ट्रीय परवाना काढून आणा, एक वर्ष चालतो. तो आणि मूळ परवाना दोन्ही जवळ ठेवा. नुसत्या तिकडच्या कार्डावर क्लेमच्या वेळी वाद घालत बसू नका.

आता देवरूखच्या ताई, तुमच्या पहिल्या निरोपात एक वाक्य होतं ते मला बंपरपेक्षा जास्त टोचतंय. मामंजींनी परवाना पुन्हा काढला नाही. पॉलिसीत ‘मालक-चालक वैयक्तिक अपघात’ अशी ओळ आहे का बघा. १५ लाखांचं ते संरक्षण फक्त मालकाला असतं, आणि तेही त्याच्याकडे चालू परवाना असेल तरच.

देवरूखची_थोरली

आप्पा, त्या ओळीपुढे शून्य आहे. एजंट म्हणाला होता, परवाना नाही तर ते काढता येतं, थोडे पैसे वाचतील. मीच ‘काढा’ म्हटलं.

आप्पा_सर्व्हेअर

एजंटचं चुकलं नाही, नियमाने बरोबरच आहे. पण अर्थ समजून घ्या. तुमचे हे गाडी घेऊन निघाले, आंबा घाटात गाडी स्वतःहूनच कठड्यावर गेली, समोर दुसरं वाहन नाही. समोरच्याला इजा झाली असती तर थर्ड पार्टीतून, म्हणजे तिऱ्हाइताच्या नुकसानीच्या विम्यातून, भरपाई मिळाली असती. पण चालवणारा स्वतः? घरच्याची गाडी मागून घेतली की कायद्याच्या दृष्टीने तो मालकाच्या जागी बसतो, त्याला मालकाच्या विम्याकडून तिऱ्हाईत म्हणून मागता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये निंगम्माच्या खटल्यात आणि २०२० मध्ये रामखिलाडीच्या खटल्यात हेच सांगितलं. म्हणजे आज तुमच्या गाडीत मालकाला संरक्षण आहे पण तो चालवत नाही, असंही नाही. मालकालाही नाही आणि जे रोज चालवतात त्यांनाही नाही.

उपाय आहेत. नाव घालून वैयक्तिक अपघात संरक्षण घेता येतं, त्यात तुमची दोघांची नावं घाला. बाकीच्यांनी आपापली अपघात पॉलिसी घ्यावी, महाग नसते. वाडीतल्या मुलाला पैसे देता ना, मग पगारी चालकाची जबाबदारी ही ओळ घ्या, वर्षाला ५० रुपये. हो, पन्नासच.

आणि जमलं तर गाडी तुमच्या यांच्या नावावर करून टाका. पण नूतनीकरणाच्या वेळेला धरून करा. मामंजींचा बोनस मामंजींचा असतो, हयातीत तो मुलाकडे जात नाही, अध्येमध्ये नाव बदललंत तर राहिलेल्या महिन्यांचा फरक भरावा लागेल. गाडीचं हस्तांतर झालं की त्या तारखेपासून १४ दिवसांत विमा कंपनीला कळवायचं.

एक राहिलं. भाऊजींच्या हातून गडग्याऐवजी माणूस गेला असता, तर कंपनीला त्या माणसाला पैसे द्यायला लावून ते मालकाकडून वसूल करायला कोर्ट सांगू शकतं. मालक म्हणजे मामंजी. हे भाऊजींना नीट वाचून दाखवा.

देवरूखची_थोरली

वाचून दाखवलं, व्हिडिओ कॉलवर. भाऊजी आधी हसले, मग गप्प झाले. दुसऱ्या दिवशी परवान्याच्या नूतनीकरणाच्या अर्जाचा स्क्रीनशॉट आला आणि पाच हजार. उरलेले दिवाळीला म्हणाले. क्लेमचा फॉर्म चुलीत गेला.

दोघांच्या नावाचं अपघात संरक्षण आणि ते पन्नास रुपयेवालं, दोन्ही एजंटला सांगितलंय. तो म्हणाला, वहिनी, हे आजवर कुणी मागितलं नव्हतं.

नावाचं मात्र अवघड आहे. ह्यांनी जेवताना विषय काढला तर मामंजी म्हणाले, “म्हणजे आता मी पुसायची पण नाही का?” आणि उठून गेले. मी गाडी नावावर करायचे फॉर्म २९ आणि ३० भरून त्यांच्या चष्म्याच्या घराखाली ठेवलेत. नूतनीकरणाला अजून दोन महिने आहेत. आज सकाळी बघितलं तर कागद जागचे हलले होते, सही नव्हती.